पाण्यावर रचलेला डोंगर

कोळशाच्या खाणीतून जे बाहेर निघते त्यात कोळसा हा केवळ एक भाग असतो. बाकी सगळे म्हणजे माती, मुरूम, वालुकाश्म, ठिसूळ शेल आणि कोळसा धुतल्यावर उरणारा काळा गाळ. खाणीच्या हिशेबात या उरलेल्या मालाला मोल नाही. कोळसा काढायचा तर हे आधी दूर करावे लागते, म्हणून अभियंत्यांनी त्याला ‘ओव्हरबर्डन’ म्हटले, म्हणजे कोळशावरचे ओझे. चंद्रपूर-वणीकडे त्याचे ‘ओबी’ झाले, आणि गावकरी त्याला सरळ ‘मातीचे डोंगर’ म्हणतात. वेल्समध्ये अशा ढिगाला ‘टिप’ म्हणतात. नावे निरनिराळी असली तरी त्यांच्याशी वागण्याची रीत दीर्घकाळ सगळीकडे एकच होती: आणून टाकायचे आणि विसरून जायचे.

मी नागपुरात तीस वर्षे मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या बळाचे शास्त्र, शिकवले. एखादा उतार टिकेल की घसरेल हे गणिताने काढायची एक पद्धत त्यात शिकवावी लागते. ती ॲलन बिशप या इंग्रज प्राध्यापकांच्या नावाने ओळखली जाते. विद्यार्थी सूत्र पाठ करतात, परीक्षेत सोडवतात आणि पुढे धरणे, रस्ते, पूल यांच्या कामाला लागतात. याच बिशप यांच्यावर १९६६ मध्ये एका वेल्श खेड्यावरचा काळा ढीग उकलून पाहण्याची वेळ का आली, हे मी वापरलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हते. निवृत्तीनंतर मी त्या घटनेच्या चौकशीचा अहवाल सावकाश वाचून काढला. वाचताना एक गोष्ट ठळक होत गेली. ढीग का घसरतात हे माणसाला बऱ्याच आधी कळले होते. ढिगावर नजर ठेवणे हे कोणाचे काम, एवढेच ठरलेले नव्हते. या दोहोंमधल्या अंतराची किंमत किती मोठी असू शकते, ते सांगणारा हा इतिहास आहे.

खळ्यातली रास

खळ्यात ज्वारीची रास घातली की ती आपोआप एका ठरावीक कोनात उभी राहते. वरून आणखी धान्य ओतले तर ते कडेने घरंगळते आणि रास रुंद होते, पण तिचा कोन फारसा बदलत नाही. दाण्याला दाणा घासतो म्हणून हे होते. किल्ल्यांचे बांधकाम करणारा फ्रेंच लष्करी अभियंता कूलोम याने अठराव्या शतकातच हे घर्षण गणितात मांडले. १८४६ मध्ये त्याच देशातल्या अलेक्झांद्र कोलॅन या अभियंत्याने कालव्यांचे ढासळलेले बांध खणून मोजले आणि दाखवून दिले की चिकणमाती सरळ रेषेत घसरत नाही. ती एखाद्या मोठ्या परातीच्या आतल्या बाजूवरून सरकावी तशी वक्र पृष्ठावरून घसरते. त्याचे पुस्तक मागे पडले आणि ते ज्ञान पुन्हा नव्याने मिळवावे लागले.

ते मिळवले स्वीडनने. तिथे रेल्वेचे बांध वारंवार खचत होते, म्हणून सरकारी रेल्वेने एक भूतांत्रिक आयोगच नेमला होता. १९१६ मध्ये गोथेनबर्ग बंदराचा एक धक्का पाण्यात सरकला. त्याचे मोजमाप करताना तीच वक्र रेघ पुन्हा सापडली. दोन वर्षांनी एका खचलेल्या बांधावर आगगाडी कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली. आयोगाचे प्रमुख फेलेनियस यांनी पुढे जी रीत रूढ केली तिचा गाभा साधा आहे. घसरू पाहणाऱ्या मातीच्या तुकड्याचे, बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे, कागदावर उभे काप करायचे. प्रत्येक कापाचे वजन त्याला खाली किती ओढते आणि तळाचे घर्षण त्याला किती धरून ठेवते ते काढायचे. सगळ्या कापांची बेरीज करून धरणाऱ्या बळाला ओढणाऱ्या बळाने भागायचे. उत्तर एकापेक्षा पुरेसे मोठे आले तर उतार उभा राहील. एकाच्या जवळ आले तर तो कशाची तरी वाट पाहत उभा आहे.

ते ‘कशाचे तरी’ बहुधा पाणी असते. पाण्याने माती निसरडी होते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. विहिरीत बुडालेला दगड पाण्यातच उचलून पाहावा, तो हलका लागतो. ढिगाच्या पोटात पाणी साचले की प्रत्येक कण असाच हलका होतो आणि शेजारच्या कणावर कमी भाराने टेकतो. भार कमी झाला की घर्षण कमी होते. बाहेरून ढीग तोच दिसतो, त्याचे एकूण वजन उलट वाढलेले असते, पण त्याला धरून ठेवणारे बळ आतून नाहीसे होत असते. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात हा नियम पक्का केला. बिशप यांनी १९५५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कापांची रीत सुधारताना हा पाण्याचा दाब नीट हिशेबात घेण्याची सोय करून दिली.

याहून भयंकर असा एक प्रकार आहे. ढीग सैल असेल, त्याच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतील आणि तो अचानक हलला, तर कण एकमेकांजवळ येऊ पाहतात, पण मधल्या पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही. काही क्षण सगळा भार पाणीच पेलते. त्या क्षणांत लाखो टन दगडमाती घन राहत नाही, ती द्रवासारखी वाहू लागते.

सात ढीग आणि एक झरा

दक्षिण वेल्सच्या टॅफ नदीच्या खोऱ्यात अबरव्हान हे खाणकामगारांचे गाव. जवळच्या मर्थर व्हेल खाणीचे काम १८६९ मध्ये सुरू झाले. दरी अरुंद असल्याने खाणीतला टाकाऊ माल ठेवायला सपाट जागा नव्हती. सुरुवातीला तो दरीतच पडत राहिला. जागा संपल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, तो गावाच्या डोक्यावरच्या डोंगरउतारावर नेऊन टाकायला सुरुवात झाली. एकामागून एक सात ढीग उभे राहिले.

तो डोंगर भेगाळलेल्या वालुकाश्माचा आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे झरे गावातल्या मुलांना खेळताखेळता ठाऊक झालेले होते. सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांवरही ते एकोणिसाव्या शतकापासून छापलेले होते. चौथा ढीग असाच ओल्या जागेवर वाढला आणि १९४४ मध्ये घसरून उतारावर दूरवर पसरला. गाव वाचले. त्या घसरणीचा काळा ओघळ दरीतून कोणालाही दिसत होता.

१९४७ मध्ये ब्रिटनच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या नॅशनल कोल बोर्डाकडे आल्या. १९५८ च्या ईस्टरला सातवा ढीग सुरू झाला. त्याची जागा कशी निवडली गेली, हा अहवालातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाटतो. खाणीचा व्यवस्थापक आणि एक यांत्रिकी अभियंता डोंगरावर फेरफटका मारून आले आणि जागा ठरली. नकाशा पाहिला नाही, भोक पाडून खालची माती पाहिली नाही, स्थापत्य अभियंत्याला विचारले नाही. चौथ्या ढिगाच्या जुन्या घसरणीचा काही भाग नव्या ढिगाखाली येत होता, आणि झराही.

यांत्रिकी अभियंताच का? कारण ढिगावर माल नेणारे रूळ, डबे आणि क्रेन ही यंत्रे होती. यंत्रे ज्याची, ढीगही त्याचा, अशी सरळ वाटणी झालेली होती. ढीग ही मातीची रचना आहे, तिलाही पाया असतो, ती कोसळू शकते, हा विचार कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हता. खाणींचा ब्रिटिश कायदा जमिनीखालच्या छताबद्दल, हवेबद्दल आणि दिव्यांबद्दल तपशिलाने बोलत होता, पण ढीग स्थिर राहील की नाही याबद्दल त्यात काही नव्हते.

माहिती मात्र होती. १९३९ मध्ये, अबरव्हानपासून काही मैलांवर सिल्व्हिनिड येथे एक मोठा ढीग घसरून रस्ता, रेल्वे आणि नदीचे पात्र यांवर पसरला होता. त्याच काळात खाणींच्या ढिगांच्या सरकण्याबद्दल एक टिपण लिहिले गेले. पुढे ते पॉवेल टिपण म्हणून ओळखले गेले. झऱ्यावर ढीग रचू नये, पाण्याला वाट द्यावी, असे साधे नियम त्यात होते. १९६५ मध्ये आणखी एका खाणीचा ढीग घसरल्यावर हेच टिपण सूचनापत्रासह पुन्हा फिरवण्यात आले. ते अबरव्हानच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचले. तरीही ज्याला तपासणी म्हणता येईल अशी तपासणी सातव्या ढिगाची झाली नाही.

गावानेही सांगून पाहिले होते. १९६३ मध्ये नगरपालिकेच्या अभियंत्याने कोल बोर्डाला पत्रे लिहिली. पँटग्लास शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका, हा त्या पत्रांचा विषय होता. त्याच वर्षी सातवा ढीग एकदा घसरला होता. पुढच्या वर्षी नगरपालिकेच्या एका सदस्येने सभेत बोलून दाखवले की ढीग सरकला तर शाळेवर येईल. शाळेच्या परिसरात पुराचे काळे पाणी शिरते म्हणून आयांनी सह्या गोळा करून अर्ज दिला. प्रत्येक कागद कुठेतरी पोचला आणि तिथेच थांबला.

२१ ऑक्टोबर

१९६६ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत तिथे १६५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, त्यातला जवळजवळ निम्मा तिसऱ्या आठवड्यात. सातवा ढीग तोवर ३४ मीटर उंच झाला होता. त्यात सव्वादोन लाख घनमीटरांहून अधिक माल होता. २१ तारखेच्या सकाळी ढिगावरच्या कामगारांना त्याचा माथा तीन-एक मीटर खचलेला दिसला. वर दूरध्वनी नव्हता, म्हणून एक जण खबर द्यायला खाली चालत गेला. माल टाकायचा नाही आणि पुढच्या आठवड्यात दुसरी जागा पाहायची, असा निरोप घेऊन तो वर परतला. तोवर माथा आणखी खचला होता.

सव्वानऊच्या सुमारास ढिगाचा तळ फुटला. १ लाख घनमीटरांहून अधिक माल उताराने निघाला. त्याने आधी वाटेतली शेतघरे गिळली, मग बांधातून गेलेले मोठे जलवाहिनीचे नळ फोडले आणि ते पाणी सोबत घेऊन पँटग्लास प्राथमिक शाळेवर आणि शेजारच्या घरांवर तो आदळला. दरीत दाट धुके होते. लोकांना आधी आवाज ऐकू आला, दिसले काहीच नाही. मुलांची हजेरी नुकतीच झाली होती आणि सहामाही सुटी लागण्यापूर्वीचा तो शेवटचा दिवस होता. एकूण १४४ माणसे मरण पावली. त्यांपैकी ११६ मुले होती आणि बहुतेकांचे वय सात ते दहाच्या दरम्यान होते. खाणीतले कामगार फावडी घेऊन धावत आले. त्यांच्यातले कित्येक जण आपल्याच मुलांसाठी खणत होते. अकरानंतर त्या ढिगाऱ्यातून कोणीही जिवंत निघाले नाही.

मृत्यूंची नोंद करण्यासाठी पुढच्या सोमवारी जी अधिकृत सुनावणी झाली तिथे एका बापाने मागणी केली की त्याच्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून कोल बोर्डाने जिवंत गाडले असे लिहावे. त्या वाक्यात राग होता, आणि त्या राष्ट्रीय दुर्घटनेचे पहिले अचूक निदानही होते.

शहात्तर दिवस

कोल बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबन्स दुर्घटनेच्या दिवशी एका विद्यापीठाच्या कुलपतिपदाच्या समारंभात होते. अबरव्हानला आल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीला सांगितले की ढिगाखालचे नैसर्गिक झरे कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. ज्या गावात शाळकरी पोरांना झरे माहीत होते त्या गावाला हे ऐकावे लागले.

न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाने शहात्तर दिवस सुनावणी घेतली आणि १३६ साक्षीदार तपासले. ब्रिटनमध्ये तोवर या प्रकारची इतकी लांब चौकशी झाली नव्हती. एकीकडे साक्षी चालू होत्या आणि दुसरीकडे बिशप व त्यांचे सहकारी ढिगाच्या उरलेल्या भागात भोके पाडत होते, चर खणत होते, नमुने प्रयोगशाळेत दाबून पाहत होते, पाण्याची पातळी मोजत होते. दुर्घटनेनंतरची ही तपासणी म्हणजे ढिगाचे शवविच्छेदनच होते. त्यातून घटनाक्रम उलगडला. झऱ्यांच्या पाण्याने ढिगाचा तळ भिजलेला होता. आधीच्या लहान घसरणींनी आत सरकण्याचे वक्र पृष्ठ तयार झाले होते आणि तिथली माती दुबळी होऊन बसली होती. पावसाने पाण्याचा दाब वाढला तेव्हा आधी नेहमीसारखी वक्र घसरण झाली. ती हलताच तळाचा भिजलेला सैल माल द्रवासारखा वाहिला. जाताना त्याने डोंगरावरचा चिकणमातीचा थर खरवडून काढला आणि त्याखालच्या वालुकाश्मात कोंडलेले पाणी मोकळे होऊन मागून चिखलाची दुसरी लाट आली.

यातले काहीही १९६६ मध्ये विज्ञानाला नवे नव्हते. वक्र पृष्ठ कोलॅनने दाखवले होते, पाण्याचा दाब टर्झागींनी, गणित फेलेनियस आणि बिशप यांनी. सातव्या ढिगावर एक भोक पाडून त्यात पाण्याची पातळी मोजणारी नळी ठेवली असती तर धोका कळला असता. लॉर्ड रॉबन्स यांनी चौकशीच्या अखेरच्या दिवसांत साक्ष दिली, तेव्हा दोष बोर्डाचा असल्याचे त्यांना मान्य करावे लागले. हे सुरुवातीलाच मान्य झाले असते तर चौकशी इतकी लांबली नसती, असे न्यायाधिकरणाने नोंदवले.

३ ऑगस्ट १९६७ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा: इथे दुष्टावा नव्हता. इथे अज्ञान होते, अक्षमता होती आणि एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत न पोचण्याची सवय होती. काही अधिकाऱ्यांवर नावानिशी दोष ठेवला गेला. खटला मात्र कोणावरही झाला नाही आणि कोणाची नोकरीही गेली नाही.

गावावर अजून ढीग उभेच होते. लोकांनी ते हलवण्याची मागणी केली, तेव्हा सरकारने खर्चाचा वाटा म्हणून दीड लाख पौंड जगभरातून आलेल्या मदतनिधीतून घेतले. मेलेल्या मुलांच्या नावाने जमलेल्या पैशातून, ज्याने मारले त्याचा कचरा उचलला गेला. ती रक्कम १९९७ मध्ये परत केली गेली, व्याज न देता. पुढे २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी मोठी रक्कम देऊन ती भरपाई केली.

कायदा आणि त्याचे म्हातारपण

१९६९ मध्ये ब्रिटनने खाणी आणि दगडखाणींच्या ढिगांसाठी स्वतंत्र कायदा केला. चालू खाणीच्या ढिगांचे नकाशे, त्यांची नियमित तपासणी आणि जबाबदार व्यक्ती या सगळ्याची त्याने सक्ती केली. बंद पडलेल्या ढिगांचे अधिकार स्थानिक संस्थांकडे दिले.

पुढे वेल्सच्या बहुतेक खाणी बंद झाल्या. ढिगांवर गवत आले, मेंढ्या चरू लागल्या आणि नव्या पिढीला ते डोंगरच वाटू लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळाच्या पावसात टायलर्सटाउन येथे एका जुन्या ढिगाचा सुमारे ६० हजार टन माल दरीत घसरला. सुदैवाने कोणी मेले नाही. मग मोजणी सुरू झाली आणि एकट्या वेल्समध्ये अडीच हजारांच्या आसपास जुने कोळशाचे ढीग निघाले. चालू खाणींचा विचार करून केलेला कायदा या ढिगांना अपुरा पडत होता. अखेर २०२५ मध्ये वेल्सच्या संसदेने केवळ बंद खाणींच्या ढिगांसाठी नवा कायदा मंजूर केला. त्यानुसार या ढिगांवर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण उभे राहणार आहे. अबरव्हाननंतर एकोणसाठ वर्षांनी प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कायद्यात आला. खाण पन्नास-शंभर वर्षे चालते. तिचा ढीग त्यानंतरही उभाच राहतो.

वर्धा खोरे

हे सगळे आपल्याकडे कशासाठी सांगायचे? डोंगर खचण्याचे दुःख महाराष्ट्राला नवे नाही. माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही नावे आपण विसरलेलो नाही. पण ते निसर्गाचे उतार होते. विदर्भात आपण स्वतः उतार रचतो आहोत.

वरोऱ्याची कोळसाखाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हाच्या भूमिगत खाणींतून माती-दगड तुलनेने कमी निघे. १९७० च्या दशकात राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर भर खुल्या खाणींवर आला आणि चित्र उलटे झाले. आता कोळशाच्या थरापर्यंत पोचण्यासाठी वरची सगळी जमीनच उचलावी लागते. कोल इंडियाने २०२३-२४ या वर्षात सुमारे ७७ कोटी टन कोळसा काढला, आणि त्यासाठी १९० कोटी घनमीटरांहून अधिक माती-दगड हलवला. अबरव्हानच्या सातव्या ढिगासारखे आठ हजारांहून अधिक ढीग त्यातून रचता येतील, तेही एका वर्षात.

आपल्या ढिगांचे दोन खास धोके आहेत. पहिला, काळी माती. कापसाची हीच जमीन पाण्याने फुगते आणि भिजल्यावर तिचे बळ झपाट्याने उतरते. ती आधी काढून वेगळी ठेवली नाही, तिच्यावरच किंवा तिच्यात मिसळून दगडाचा ढीग रचला, तर वर कितीही टणक खडक असला तरी ढिगाचा पाया लोण्याचा राहतो. चार महिन्यांत कोसळणारा आपला पाऊस मग उरलेले काम करतो. दुसरा धोका खाणीच्या आतल्या ढिगांचा. कोळसा काढून रिकाम्या झालेल्या खड्ड्यात माती भरत जातात. खड्ड्याचा तळ थराच्या उताराने कललेला असतो आणि त्याच ढिगाच्या पायथ्याशी यंत्रे व माणसे काम करत असतात. अबरव्हानला ढिगाखाली शाळा होती, इथे कामाची पाळी असते.

२४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कावडी खुल्या खाणीत बाजू कोसळून १० जण गेले. १७ डिसेंबर २००८ रोजी सिंगरौलीच्या जयंत खाणीत ढीग घसरून ५ जण गेले. २९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात, लालमाटियाच्या राजमहल खाणीत, अंदाजे ३०० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद भाग खाली सरकला आणि २३ जण मेले. त्यांत बहुतेक ठेकेदाराकडचे कामगार होते. नियम आपल्याकडेही आहेत. ढिगाचा उतार साडेसदतीस अंशांपेक्षा उभा नसावा, ढीग फार उंच झाला तर पायऱ्या पाडून रचावा, वरची माती वेगळी ठेवावी. राजमहलनंतर आलेल्या २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी उताराचा शास्त्रीय अभ्यास हा नियोजनाचा भाग केला. मोठ्या खाणींत आता रडार बसवतात. ते उताराची मिलिमीटरहूनही सूक्ष्म हालचाल टिपते आणि धोक्याची घंटा देते. हे सगळे हवेच. पण रडार हालचाल सुरू झाल्यावर बोलते. ढीग कशावर उभा केला, हे ते सांगत नाही.

हे कळण्यासाठी मी गेल्या दोन वर्षांत एक साधे काम केले. वर्धा खोऱ्यातल्या काही गावांचे जुने गावनकाशे मिळवले आणि त्यांवरचे नाले, विहिरी, पाणथळ जागा आजच्या उपग्रह-चित्रांशी ताडून पाहिल्या. एका गावात नकाशावरचा नाला गावाच्या पूर्वेने येतो, ढिगापाशी पोचतो आणि तिथून पुढे दिसेनासा होतो. मी त्या ढिगाच्या पायथ्याशी गेलो, तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी बांधावर बसले होते. “काका, नाला कुठं गेला?” असे विचारल्यावर त्यांनी हातातल्या काठीने ढिगाकडे बोट केले. “गेला कुठं? तो तिथंच आहे ना जी. वरून मातीचा डोंगर आला, नाला का उठून जाते?” मग त्यांनी पायथ्याची एक जागा दाखवली. मार्च महिना संपत आला होता, आजूबाजूची जमीन भेगाळली होती, आणि तेवढ्या पट्ट्यात हिरवे लव्हाळे उभे होते.

त्या एका ओल्या पट्ट्यावरून ढीग धोक्याचा आहे असे मी म्हणणार नाही. ते भोक पाडून, पाण्याचा दाब मोजून, माती तपासून ठरवायचे असते. पण कुठे भोक पाडायचे हे तो पट्टा सांगतो, आणि ते विचारायला कोणी आलेले नव्हते. काकांनी कोणाला अर्ज दिला नव्हता. द्यायचा तरी कोणाला, हे त्यांना माहीत नव्हते.

अबरव्हानचा धडा मला इथे सर्वांत उपयोगाचा वाटतो. तिथे विज्ञान प्रयोगशाळेत होते, झरे नकाशावर होते, भीती गावाच्या बोलण्यात होती, आणि ढीग यंत्रांच्या खात्यात होता. हे चौघे एका टेबलापाशी पहिल्यांदा आले ते न्यायाधिकरणापुढे, १४४ मृत्यूंनंतर. आपल्याला ते आधी एकत्र आणणे फार खर्चाचे नाही. खाणीच्या प्रत्येक ढिगाखाली जुना गावनकाशा ठेवून पाहावा. ढिगाच्या पोटातल्या पाण्याच्या पातळीची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर, पर्जन्यमानाच्या शेजारी, लागावी. ढिगावर ओल, भेग किंवा फुगवटा दिसला तर कोणाला सांगायचे ते नाव आणि दूरध्वनी क्रमांक पायथ्याच्या पाटीवर असावा. आणि खाण बंद झाल्यावर त्या पाटीवर पुढचे नाव कोणाचे येणार, हे खाण चालू असतानाच ठरलेले असावे.